टीव्हीचा सप्लाय गेला: मूळ बोर्ड दुरुस्त करावा की बदलावा?

प्लगमध्ये करंट आहे, वायर ठीक आहे, तरी एलईडी टीव्हीचा लाल दिवासुद्धा लागत नाही. अशा वेळी पहिला संशय पॉवर सप्लायवर, म्हणजे घरातल्या विजेचा टीव्हीला लागणारा डीसी करून देणाऱ्या बोर्डावर. (दिवा लागतो, आवाजही येतो, पण पडदा काळा असेल तर टॉर्च तिरका मारून पाहा. अंधुक चित्र दिसलं तर दोष बॅकलाइटचा, म्हणजे पडद्यामागच्या उजेडाचा, तो विषय वेगळा.)

आता तीन वाटा: मूळ बोर्ड दुरुस्त करणं, त्याच नंबरचा, दुसऱ्या टीव्हीतून काढलेला जुना बोर्ड आणणं, किंवा युनिव्हर्सल सप्लाय (अनेक टीव्हींना चालणारा तयार बोर्ड) बसवणं.

आधी मीटर लावा. स्टँडबायचा (टीव्ही रिमोटने बंद असतानाही चालू राहणारा) व्होल्टेज बोर्डावर पिनेशेजारी छापलेला असतो, पुष्कळदा ५ व्होल्ट. तिथे ३ च्या आसपास हलणारा आकडा दिसला तर सेकंडरीचे, म्हणजे कमी व्होल्टेजच्या बाजूचे, कपॅसिटर थकलेत असं समजायला हरकत नाही. मदरबोर्डचा (चित्र-आवाज सांभाळणाऱ्या मुख्य बोर्डाचा) कनेक्टर काढल्यावर व्होल्टेज पूर्ण येत असेल, तर मात्र मदरबोर्डवरचा शॉर्टही तपासावा. मोठ्या कपॅसिटरवर सुमारे ३२५ व्होल्ट डीसी असतो आणि प्लग काढल्यावरही तो राहू शकतो. ६० वॅटचा तारेचा बल्ब लावून हा चार्ज उतरवल्याशिवाय बोर्डाला हात नको.

युनिव्हर्सल सप्लायचं आकर्षण खरं आहे: माल नवा, काम तासाभराचं. भोकं जुळत नाहीत, बोर्ड डबल टेपवर राहतो, तेही एक वेळ चालेल. खरी कटकट बॅकलाइटच्या वायरीची. बॅकलाइट कधी लावायचा हे मदरबोर्ड एका वायरीने सांगतो, उजेड किती हे दुसरीने. घाईत पहिली वायर थेट ५ व्होल्टला जोडून देतात. मग रिमोटने टीव्ही बंद केला तरी पडदा राखाडी उजळत राहतो आणि बॅकलाइटच्या एलईडी पट्ट्या विनाकारण तापतात. दुसरी सोडून दिली की ब्राइटनेस कमी-जास्त होत नाही. दोन्ही नीट जोडणारा कारागीर असेल तर तक्रार नाही, पण तसा भेटायला हवा.

जुना बोर्ड मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तपकीर गल्लीत शोधता येतो. नंबर स्टिकरवरचा जुळवावा: सॅमसंगचा बीएन४४ ने, एलजीचा ईएवाय ने सुरू होतो. ईएएक्स हा नुसत्या पीसीबीचा (सुटे भाग ज्यावर बसवतात त्या पाटीचा) नंबर, त्यावर जाऊ नये. पॅनल फुटलेल्या टीव्हीतून काढलेल्या बोर्डाचे कपॅसिटरही तितकेच जुने, हे विसरू नका.

म्हणून फ्यूज शाबूत असेल तर मूळ बोर्डच आधी हाती घ्यावासा वाटतो. १०५ डिग्रीचे, लो ईएसआर (आतला रोध कमी असलेले) कपॅसिटर घ्या. मायक्रोफॅरड तेवढेच, व्होल्ट एक पायरी वर: १० च्या जागी १६. उंची मागच्या झाकणात मावेल एवढीच. फुगलेला एकच बदलू नका. शेजारचा वरून सपाट दिसला तरी आतून सुकलेला असू शकतो. काढण्याआधी फोटो घ्या, कपॅसिटरवरचा पट्टा निगेटिव्ह बाजूचा.

फ्यूज काळा पडला असेल तर हिशेब बदलतो. व्हॅरिस्टर (जादा व्होल्टेज झेलणारा भाग) किंवा ब्रिज (एसीचा डीसी करणारा) एवढाच शॉर्ट असेल तर दुरुस्ती सोपी. मॉस्फेट (सप्लायचा मुख्य स्विच) गेला असेल तर तो बहुधा त्याला चालवणारा आयसी आणि खालचा छोटा रेझिस्टरही घेऊन जातो. तिथे जुना बोर्ड परवडतो. काहीही बसवलंत तरी पहिल्यांदा ६० ते १०० वॅटच्या सिरीज बल्बवरच, म्हणजे सप्लायच्या वायरीत मध्ये जोडलेल्या बल्बमधूनच, लावा. बल्ब क्षणभर चमकून मंदावला तर ठीक, भगभगीत पेटून राहिला तर शॉर्ट अजून आत आहे.