मूडल: अ, ब, क, ड आणि मी

मूडल, म्हणजे ऑनलाइन धडे आणि चाचण्या ठेवायचं सॉफ्टवेअर, सुरू केलं आणि पहिला अर्धा तास धडा टाकायचा कुठे, हेच शोधत बसले. कोर्सचं पान समोर, पण काही जोडायची सोयच दिसेना. वर उजव्या कोपऱ्यात ‘एडिट मोड’चं इवलंसं बटण आहे, ते सरकवलं की सगळं दिसायला लागतं. हे कळेपर्यंत माझं तीनदा लॉगआउट करून झालं होतं.

मी अकाउंट्स शिकवते, कॉम्प्युटर कामापुरता येतो. मूडल घेतलं ते प्रश्नपेढीसाठी. दोनशे बहुपर्यायी प्रश्न साठलेले, एकेक भरत बसायचं म्हणजे झालंच. ‘एकेन’ नावाचा सोपा फॉरमॅट आहे: एका ओळीत प्रश्न, खाली एकेका ओळीवर पर्याय, शेवटी उत्तराची ओळ. नोटपॅडमध्ये टाइप केलं, यूटीएफ-८ मध्ये (मराठी अक्षरं नीट साठवणाऱ्या एन्कोडिंगमध्ये) सेव्ह केलं, तरी फाइल आत घेईना. बऱ्याच वेळाने ट्यूब पेटली. पर्यायांना मी सवयीने अ, ब, क, ड घातले होते. त्याला इंग्रजी कॅपिटल ए, बी, सी, डीच लागतात, आणि उत्तराच्या ओळीतला ‘आन्सर’ शब्दही तसाच, कॅपिटलमध्ये. प्रश्न मराठीत चालतो, क्रमांक मात्र साहेबाच्या लिपीत! ते बदललं आणि दोनशेच्या दोनशे प्रश्न एका दमात आत.

पहिल्या चाचणीत माझीच फजिती झाली. किती वेळा सोडवता येईल, ते सेटिंग मी उघडूनही पाहिलं नव्हतं. न बदलल्यास ते अमर्याद असतं, आणि धरले जातात सर्वांत जास्त मिळालेले गुण. एका पोराने नऊ वेळा चाचणी दिली, पैकीच्या पैकी. वर मला म्हणतो, ‘मॅडम, सराव केला.’ आता काय बोलणार!

तेव्हापासून चाचणी खुली करण्याआधी आपल्या नावाच्या मेनूतून ‘स्विच रोल’ करते आणि विद्यार्थी होऊन पान बघते.

मार्टिन डुगियामस यांनी 2002 मध्ये पहिली आवृत्ती आणली, तेव्हापासून हे मुक्त आणि मोफत आहे. सर्व्हर अर्थातच आपल्याला बघावा लागतो. क्रॉन नावाचं, सर्व्हरवर आपोआप होणारं काम दर मिनिटाला चालू राहिलं नाही, तर मुलांना सूचनांचे मेल जात नाहीत. ते भाच्याने लावून दिलं.

पाचपैकी चार तारे. ग्रेडबुकच्या, म्हणजे मूडलमधल्या गुणांच्या वहीच्या, वाटेला अजून गेले नाही, गुण एक्सेलमध्ये उतरवून घेते.