पंपाची गाडी कार्बोरेटरवर आणायची का?

पऱ्हाटीच्या (कापसाच्या) फवारणीचे दिवस आले की आमच्या गॅरेजवर एक मागणी ठरलेली असते. "भाऊ, हे पंपाचं लफडं काढून टाका ना बाप्पा, साधं कार्बोरेटर बसवून द्या." पंपाची गाडी म्हणजे इंजेक्टरची मोटारसायकल: टाकीतला विजेचा पंप दाबाने पेट्रोल देतो, इंजेक्टर ते इंजिनात फवारतो आणि ईसीएम नावाचा छोटा कॉम्प्युटर त्याचं माप ठरवतो. साध्या कार्बोरेटरला पेट्रोल टाकीतून नुसत्या उतारावर येतं. मागच्या पावसाळ्यात दारव्ह्याकडचे एक काका हेच म्हणत आले. गाडी भर पांदणीत बंद पडलेली, पाठीवर फवारणीचा पंप, सेल्फ मारला की नुसता फिरायचा. शेवटी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत टाकून आणली. जुनी गाडी असती तर काकांनीच प्लग पुसला असता, कार्बोरेटरची वाटी उघडून जेटला फुंकर मारली असती आणि घरी गेले असते. "वावरात कोन येनार हाये स्कॅनर घेऊन?" हा त्यांचा प्रश्न (स्कॅनर म्हणजे ईसीएममधला बिघाड वाचणारं यंत्र) मला अजून खोडता आलेला नाही.

तरी त्यांची गाडी मी कार्बोरेटरवर आणली नाही. का, ते नीट सांगतो. कारण या कामात पैसे घातल्यावर परत फिरणं महाग पडतं.

आधी दाबाचं गणित समजून घ्या. इंजेक्टरच्या गाडीत टाकीतला पंप साधारण ३ बार दाबाने पेट्रोल ढकलतो. टाकी कार्बोरेटरच्या वर फूटभर असेल, तर पेट्रोलच्या स्वतःच्या वजनाने मिळणारा दाब ०.०२ बारच्या आसपास भरतो, म्हणजे त्याचा शंभरावा हिस्साही नाही. म्हणून "पंप काढा आणि कॉकमधून (टाकीच्या तोटीतून) सरळ इंजेक्टरला पाइप द्या" हे होतच नाही. उलट, पंप तसाच ठेवून कार्बोरेटरला जोडला तर तो दाब फ्लोटची (वाटीत तरंगणाऱ्या तुकड्याची) सुई ढकलून उघडी धरतो आणि पेट्रोल तापलेल्या इंजिनवर सांडतं. एका गाडीचं असं केलेलं काम मी पाहिलं आहे. आग लागली नाही हे नशीब.

म्हणजे कार्बोरेटर बसवायचं तर मागोमाग काय काय येतं? टाकी बदलावी लागते, कारण पंपाच्या टाकीला तळाशी मोठं भोक असतं आणि कॉकची जागा नसते. मॅनिफोल्ड (कार्बोरेटर इंजिनाला जोडणारी नळी), एअर फिल्टरचा रबर, ॲक्सिलरेटरची केबल, चोक हे सगळं वेगळं. पेट्रोल दाखवणाऱ्या काट्याचा फ्लोट बऱ्याच गाड्यांत पंपाच्याच जोडणीवर असतो, तोही गेला. हे सगळं अजून सोपं आहे. खरी अडचण ठिणगीची. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ हा प्रदूषणाचा नियम लागू झाला, तेव्हापासूनच्या बहुतेक गाड्यांत पेट्रोल आणि ठिणगी दोन्ही एकच ईसीएम सांभाळतो. ईसीएम काढला की प्लगला करंटच नाही. सीडीआय (जुन्या गाड्यांतला ठिणगीचा डबा) बसवावा, तर मॅग्नेटवरचे (इंजिनाबरोबर फिरणाऱ्या चाकावरचे) दाते इंजेक्टरच्या हिशोबाचे. पिकअप कॉइल त्यातून एका फेऱ्यात अनेक इशारे घेते आणि जुन्या सीडीआयला त्यातलं काही कळत नाही. मग मॅग्नेट बदला, पिकअप बदला, वायरिंग बदला.

काही मिस्त्री अर्धवट मार्ग काढतात: ठिणगीसाठी ईसीएम ठेवायचा, फक्त इंजेक्टर बंद करून कार्बोरेटर लावायचा. गाडी चालते. पण थ्रॉटलचा सेन्सर निघाल्यावर ॲक्सिलरेटर किती पिळला आहे हे ईसीएमला कळत नाही, टायमिंग अंदाजावर राहतं, चेक लाइट कायमचा पेटतो आणि चढावर डबलसीट इंजिन ठोकायला लागतं. मिश्रण जाड (पेट्रोल जास्त, हवा कमी) झालं तर सायलेन्सरमधला धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर तापून जळू शकतो. मी स्वतः अशा दोन गाड्या करून दिल्या. एक वावर ते गोठा एवढीच फिरते, ती ठीक आहे. दुसरी सहा महिन्यांत परत आली. तिसरी मी केली नाही.

कायद्याची बाजू थोडक्यात. मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ कंपनीच्या मूळ नोंदीशी न जुळणारा बदल करू देत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १८२अ प्रमाणे मालकाला प्रत्येक बदलामागे ५००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. वॉरंटी जाते आणि अपघात झाला तर विम्याचा दावा अडू शकतो. घरातलं कोणी त्या गाडीवर रोज यवतमाळ-अमरावती करत असेल, तर ही गोष्ट हलक्यात घेऊ नका.

आता आपल्या भागातल्या वापरात दोघांना समोरासमोर ठेवू.

घाणेरड्या पेट्रोलात कार्बोरेटर सरस, हे मान्यच करायला हवं. गावात किराणा दुकानातून बाटलीत पेट्रोल मिळतं, त्यात कधी पाणी, कधी गाळ. कार्बोरेटरच्या वाटीखालचा स्क्रू सोडला की पाणी निघून जातं. पंपाच्या गाडीत ते टाकीच्या तळाशी, नेमकं पंपाच्या जाळीपाशी साचतं. बॅटरी पार उतरली की पंप फिरत नाही, किक मारून पाय दुखतो. ज्या जुन्या गाड्यांना ठिणगीसाठी बॅटरी लागत नाही, त्या मात्र अशा वेळीही उठतात.

उन्हात पारडं फिरतं. अकोला-चंद्रपूरकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो. गाडी उन्हात उभी केली की कार्बोरेटरच्या वाटीतलं पेट्रोल उकळू शकतं, पाइपमध्ये वाफ धरू शकते. दाबाखालच्या पेट्रोलला हा त्रास क्वचितच होतो. ई-२० पेट्रोलचंही तसंच. त्यात वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असल्याने इंजिनला पेट्रोल जास्त लागतं. ऑक्सिजन सेन्सर असलेली इंजेक्टरची गाडी ते आपोआप सांभाळते. कार्बोरेटरला जेट आणि स्क्रू हाताने जुळवावे लागतात, जुन्या रबरी वस्तू फुगतात. चिखलदऱ्याला, सुमारे ११०० मीटरवर, कार्बोरेटरची गाडी जडावते, इंजेक्टरची नाही. पण आपण रोज काही चिखलदऱ्याला जात नाही.

एक प्रकार मात्र वेगळा आहे आणि तिथे माझं उत्तर "करा" असं आहे. काही गाड्यांत मुळात कार्बोरेटरच असतं आणि त्यालाच छोटा पंप पेट्रोल देतो. टाकीचा तळ कार्बोरेटरच्या वाटीपेक्षा उंच असेल, तर हा पंप काढून नुसत्या उतारावर गाडी चांगली चालते. फक्त पंपासाठीची सुई-सीट बारीक भोकाची असते, ती मोठ्या भोकाची बसवा. पंपाच्या दाबासाठीचा कागदी फिल्टर काढून जाळीचा लावा. पाइपला कुठेही वर चढणारा वळसा नको. मग टाकीत थोडंच पेट्रोल ठेवून पाइप बाटलीत सोडा आणि मिनिटभर मोजा. ताशी ६० वर लिटरला ४० देणारी गाडी मिनिटाला २५ मिली पिते. बाटलीत किमान शंभर-दीडशे मिली यायला हवं. टाकीच्या झाकणाचं हवेचं भोक धुळीने बुजलेलं नाही ना, तेही बघा. कापसाच्या दिवसात ते हमखास बुजतं आणि लोक कार्बोरेटर उघडत बसतात.

इंजेक्टरची गाडी असेल तर आधी रोग शोधा. किल्ली फिरवा आणि टाकीला कान लावा: दोन-तीन सेकंद सूंऽऽ आवाज आला पाहिजे. नाही आला तर फ्यूज, बॅटरी, हँडलवरचा इंजिन बंद करायचा लाल स्विच, पंपाची जोडणी बघा. आवाज येतो पण गाडी उठत नाही, तर जाळी किंवा फिल्टर. पंप पेट्रोलातच बुडून थंड राहतो, हे फार थोड्यांना माहीत असतं. शंभराच्या पेट्रोलात आता लिटरही येत नाही. तेवढ्यावर महिनोन्महिने गाडी चालवली की पंप कोरडा तापतो आणि मरतो. टाकीत कायम दोन-तीन लिटर राहू द्या. आणि पूर्ण जोडणीचा भाव ऐकून घाबरण्याआधी आतली फक्त मोटार मिळते का ते विचारा. बऱ्याच गाड्यांची मिळते.

मग दोन भाव कागदावर मांडा: एका बाजूला मोटार, जाळी, फिल्टर, दुसऱ्या बाजूला टाकी, कॉक, कार्बोरेटर, मॅनिफोल्ड, मॅग्नेट, सीडीआय, वायरिंग, मजुरी. मोडलेल्या जुन्या गाडीचं सगळं सामान स्वस्तात मिळत असेल आणि ईसीएम जळून गेला असेल, तरच दुसरी बाजू विचारात येते. तेही गाडी वावराबाहेर काढायची नसेल तर. ज्यांना हातानेच दुरुस्ती हवी आहे, त्यांनी ही गाडी विकून २०२० च्या आधीची, चांगल्या कागदांची कार्बोरेटरची गाडी घ्यावी. त्यात कमी पैसे जातात.

काकांच्या पंपाची जाळी काढली तेव्हा ती काळ्या मातीने लिंपल्यासारखी होती. जाळी आणि फिल्टर नवे टाकले, टाकी दोनदा धुतली, मोटार चांगली निघाली. जाताना काकांनी जुनी जाळी मागून घेतली, गावातल्या दुकानदाराला दाखवायला.