आई-बाबांना जेवायला न्यायचंय: बुफे की मेन्यू कार्ड?

एका मैत्रिणीला आई-बाबांना छानशा हॉटेलात जेवायला न्यायचंय, पण बुफे की टेबलावर मागवायचं, इथे गाडी अडली आहे.

खर्चाचं म्हणाल तर बुफेचा माणशी दर ठरलेला असतो. वयानुसार भूक कमी झालेली असेल तर तो महागच पडतो. (ज्येष्ठांना सवलत आहे का, हे आधी विचारा.) पण कार्ड हातात आलं की बरेच आई-बाप आधी किंमत वाचतात आणि "मला फारशी भूक नाही" म्हणत सगळ्यात स्वस्त तेच सांगतात. बुफेत हा संकोच उरत नाही, आणि मला हे फार मोलाचं वाटतं.

दगदग मात्र बुफेतच जास्त. एका हातात काठी, दुसऱ्यात ताट. मग वाढून कोण घेणार? तुम्ही सतत उठून आणत राहिलात तर गप्पा राहूनच जातात. बुकिंग करताना काउंटरजवळचं टेबल मागा.

पथ्य असेल तर मेन्यू कार्ड सरस, कारण मीठ-तिखट कमी करायला सांगता येतं. बुफेतलं बहुतेक सगळं आधीच शिजलेलं. गरम पदार्थ ६० अंश सेल्सिअसच्या वर आणि थंड ५ अंशांच्या आत हवेत; बराच वेळ मांडून ठेवल्यावर हे सांभाळलं जाईलच असं नाही, म्हणून सुरुवातीलाच जा.

हिंडती-फिरती, नवं चाखायची हौस असलेली जोडी असेल तर बुफे. गुडघे दुखत असतील, पथ्य कडक असेल किंवा निवांत बोलायचं असेल तर टेबलावरच मागवा, आणि ऑर्डर तुम्ही द्या.