‘तेल गोठते’ म्हणून विकलेला वॉच वाइंडर

ऑटोमॅटिक घड्याळ दोन दिवस बंद राहिले तर आतले तेल गोठते, चाके अडकतात आणि कंपनीची वॉरंटी रद्द होते, असे सांगून पुण्यातील एका घड्याळांच्या दालनाने मला १४,५०० रुपयांचा वॉच वाइंडर विकला. पुढे त्याच वाइंडरवर ठेवलेले घड्याळ बंद पडू लागले, तेव्हा ‘तेल सुकले आहे’ असे निदान करून सर्व्हिसिंगचा ११,००० रुपयांचा अंदाजही माझ्यापुढे ठेवला. दालनाचे नाव येथे देत नाही, कारण प्रकरण अजून पूर्णपणे मिटलेले नाही. मात्र ठाणे आणि नाशिक येथील माझ्या परिचितांनाही वेगवेगळ्या दुकानांत जवळजवळ याच शब्दांत हीच भीती घालण्यात आली होती, म्हणून ही विक्रीची पद्धत कशी चालते ते सविस्तर लिहीत आहे.

ज्यांना या वस्तूची माहिती नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. ऑटोमॅटिक घड्याळात एक अर्धवर्तुळाकार वजन असते, त्याला रोटर म्हणतात. मनगट हलले की रोटर फिरतो आणि मुख्य स्प्रिंगला चावी बसते. घड्याळ काढून ठेवले की साठलेल्या शक्तीवर ते साधारण ३८ ते ४८ तास चालते, काही नव्या यंत्रणांमध्ये ७० ते ८० तासही चालते, आणि मग थांबते. वॉच वाइंडर म्हणजे घड्याळ बसवून ते मोटरवर सावकाश फिरवत ठेवणारी पेटी. तिचे काम एवढेच, की घड्याळ हातात नसतानाही थांबू नये.

थांबल्याने घड्याळाचे काही बिघडते का, हा खरा प्रश्न आहे आणि दुकानदाराचा सगळा व्यवहार त्याच्या खोट्या उत्तरावर उभा असतो. पूर्वी घड्याळांत प्राणिज किंवा वनस्पतिज तेले वापरत. ती काळाने घट्ट आणि चिकट होत, पण घड्याळ चालू असले तरी ती घट्ट होतच. आज वापरली जाणारी कृत्रिम तेले काही दिवस वा काही महिने घड्याळ थांबल्याने गोठत नाहीत. उलट चालू घड्याळाचीच झीज होते. ताशी २८,८०० ठोके देणारे यंत्र दिवसाला ६,९१,२०० ठोके देते, आणि ते कपाटात कोणी बघत नसताना दिले म्हणून झीज कमी होत नाही. ऑटोमॅटिक मनगटी घड्याळ १९२० च्या दशकापासून बनत आहे आणि पिढ्यान्‌पिढ्या लोकांनी ती रविवारी खुंटीला अडकवून सोमवारी पुन्हा हातात घातली आहेत.

वॉरंटीचा मुद्दा तर पाच मिनिटांत तपासता येण्यासारखा होता. माझ्या घड्याळाबरोबर मिळालेल्या पुस्तिकेत निर्मितीतील दोषांची हमी आहे. पाणी शिरणे, आघात आणि अनधिकृत दुरुस्ती यांचे अपवाद आहेत. वाइंडरचा उल्लेख कुठेही नाही. विक्री प्रतिनिधीला मी ‘वॉरंटी रद्द होते’ हे विधान दालनाच्या कागदावर लिहून देण्यास सांगितले, तेव्हा ‘सर, हे सगळ्यांना माहीतच असतं’ असे उत्तर मिळाले. लेखी मात्र काही मिळाले नाही.

आता वाइंडरविषयी. माझ्याकडे दोन घड्याळे आहेत: एक स्विस क्रोनोग्राफ, म्हणजे स्टॉपवॉचची सोय असलेले घड्याळ, ज्यात वालजू ७७५० ही यंत्रणा आहे, आणि एक जुने सायको ५, ज्यात ७एस२६ ही यंत्रणा आहे. पेटी दोन घड्याळांची होती, खोक्यावर ‘जपानी मोटर’ असे ठळक छापले होते आणि आवाज खरोखरच कमी होता. पण वालजू ७७५० ला रोटर एकाच दिशेने फिरला तरच चावी बसते. दुसऱ्या दिशेला तो मोकळा गरगरतो, आणि हे घड्याळ वापरणाऱ्यांना ती थरथर मनगटावर स्पष्ट जाणवते. सायकोचा रोटर मात्र दोन्ही दिशांनी चावी देतो. माझ्या पेटीवर दिशा बदलण्याचे बटण होते, पण ते कसेही ठेवले तरी मोटर एकाच बाजूला फिरत असे, आणि ती बाजू क्रोनोग्राफच्या दृष्टीने निरुपयोगी होती. म्हणजे पेटीत रात्रंदिवस फिरत राहूनही क्रोनोग्राफ दोन दिवसांनी थांबे आणि शेजारचे सायको व्यवस्थित चालत राही.

हाच फरक दालनाने पुराव्यासारखा वापरला. दोन्ही घड्याळे एकाच पेटीत असताना एक चालते आणि दुसरे थांबते, त्या अर्थी पेटी उत्तम आहे आणि दोष घड्याळात आहे, असे मला समजावण्यात आले. यंत्रणेची माहिती नसलेल्या माणसाला हा युक्तिवाद बिनतोड वाटेल असाच आहे. नंतर त्यांनी थांबलेले घड्याळ हातात घेऊन दोन-चार वेळा हलवले, ते चालू होताच टाइमग्राफर या चाल मोजणाऱ्या यंत्रावर ठेवले आणि पडद्यावरचा आकडा दाखवला: १८१ अंश. निरोगी घड्याळात हा आकडा २७० च्या वर हवा, तेल सुकल्याशिवाय तो इतका खाली येत नाही, म्हणून पूर्ण सर्व्हिसिंग करावे लागेल, असा निष्कर्ष तिथल्या तिथे सांगण्यात आला.

फसवणुकीचा गाभा या प्रात्यक्षिकात आहे, म्हणून त्याविषयी थोडे जास्त लिहितो. टाइमग्राफर घड्याळाची टिकटिक ऐकून बॅलन्स व्हीलचा, म्हणजे आतल्या मागे-पुढे झुलणाऱ्या चाकाचा, झोका किती अंशांचा आहे ते मोजतो. स्प्रिंगला पुरती चावी बसलेली असताना आणि घड्याळ आडवे ठेवले असताना तो साधारण २७० ते ३१० अंश असावा, हे खरे. पण स्प्रिंग जवळजवळ रिकामी असेल तर उत्तम, नुकतेच सर्व्हिसिंग झालेले घड्याळही कमी आकडा दाखवते, कारण झोक्याला जोर देणारी शक्तीच नसते. आधी क्राउनने (बाजूच्या घुंडीने) ३० ते ४० फेरे चावी देणे, थोडा वेळ जाऊ देणे आणि मग मोजणे, ही कोणत्याही कारागिराची पहिली पायरी आहे. ती मुद्दाम गाळली गेली असे मी म्हणतो, कारण ‘आधी चावी द्या’ असे मी सुचवल्यावर ‘चावी दिली तर खरा दोष झाकला जाईल’ असे उत्तर मिळाले.

मी सर्व्हिसिंगला नकार देऊन घड्याळ एका वयस्कर घड्याळजींकडे नेले. त्यांनी पूर्ण चावी देऊन मोजले, तेव्हा आकडा २८४ निघाला आणि दिवसाचा फरक काही सेकंदांचाच होता. सायकोची गोष्ट वेगळी निघाली. ते दिवसाला काही मिनिटे पुढे जाऊ लागले होते. घड्याळजींनी ते होकायंत्राजवळ धरले, सुई हलली, म्हणजे आतली हेअरस्प्रिंग (बॅलन्स व्हीलला जोडलेली केसासारखी बारीक स्प्रिंग) चुंबकित झाली होती. तिची वेटोळी एकमेकांना चिकटू लागली की घड्याळ धावू लागते. डिमॅग्नेटायझर या चुंबकत्व काढणाऱ्या उपकरणावर काही क्षण धरून त्यांनी ते पूर्ववत केले. हे चुंबकत्व वाइंडरच्या मोटरमधूनच आले, असे त्यांनी छातीठोकपणे सांगितले नाही. मोबाइलचा स्पीकर किंवा पाकिटाचे चुंबकी बटणही पुरते, असे ते म्हणाले. पण पेटी उघडल्यावर आत मोटरला कोणतेही संरक्षक आवरण नव्हते आणि तिच्यावर निर्मात्याचे नाव किंवा देशाचा उल्लेखही नव्हता, तेव्हा ‘जपानी’ कशाच्या आधारावर, हा प्रश्न राहतोच. खोक्यावर आयातदाराचे नाव, मूळ देश आणि कमाल किरकोळ किंमत यांपैकी काहीही छापलेले नव्हते. आवेष्टित मालावर या गोष्टी छापणे बंधनकारक आहे, त्यामुळे माल घेतानाच खोके उलटून पाहणे फायद्याचे ठरते.

वाइंडर ही वस्तूच निरुपयोगी आहे, असे मला म्हणायचे नाही. ज्यांच्याकडे पर्पेच्युअल कॅलेंडरचे (महिन्यांचे कमी-जास्त दिवस आपोआप सांभाळणारे) किंवा चंद्रकला दाखवणारे घड्याळ आहे त्यांना ते थांबल्यावर पुन्हा लावणे किचकट असते आणि चुकीच्या वेळी बटण दाबले तर दुरुस्तीचा खर्चही मोठा येतो. त्यांच्यासाठी पेटी सोयीची आहे. स्क्रू बसवलेला क्राउन वारंवार उघडल्याने आटे झिजतात, हाही मुद्दा खरा आहे. पण साध्या तारखेच्या घड्याळाला चावी देऊन वेळ लावायला दोन मिनिटे लागतात. रात्री ९ ते पहाटे ३ या दरम्यान काटे असताना तारीख बदलू नये, एवढे पथ्य पाळले की झाले. सायकोच्या ७एस२६ ला तर क्राउनने चावी देताच येत नाही, ते आडवे धरून हलवावे लागते, आणि तेवढ्यासाठी १४,५०० रुपयांची पेटी घ्यावी असे मला वाटत नाही. पेटी घ्यायचीच असेल तर आपल्या यंत्रणेला कोणत्या दिशेने आणि दिवसाला किती फेरे लागतात ते आधी शोधावे. बहुतेक यंत्रणांना ६५० ते ८०० फेरे पुरतात. ऑटोमॅटिकची स्प्रिंग पूर्ण भरल्यावर घसरते, म्हणून जास्त फेऱ्यांनी ती तुटत नाही, पण सतत घसरल्याने तिच्या डब्याची आतली भिंत आणि ग्रीस झिजते.

पैशांबाबतचा भाग असा. वाइंडरसाठी मला पक्के बिल न देता ‘एस्टिमेट’ असे छापलेली कच्ची पावती देण्यात आली, तिच्यावर जीएसटी क्रमांक नव्हता आणि ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ असा शिक्का होता. यूपीआयचे पैसे दालनाच्या नावावर न जाता एका व्यक्तीच्या खात्यात गेले होते. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार बिल न देणे ही अनुचित व्यापारी प्रथा आहे, आणि बिलावर मुदत दिलेली नसेल तर ३० दिवसांच्या आत सदोष माल परत घेण्यास नकार देणे हीदेखील. मी पावती, यूपीआयची नोंद, व्हॉट्सॲपवरील ‘तेल गोठतं’ हा संदेश, दिशा न बदलणाऱ्या पेटीचा व्हिडिओ आणि घड्याळजींनी दिलेली मोजमापाची चिठ्ठी जोडून १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. विक्री प्रतिनिधीने तोंडी काय सांगितले त्याची जबाबदारी दालनाची नाही, असे त्यांचे पहिले उत्तर होते. व्हॉट्सॲपचा संदेश दालनाच्याच अधिकृत क्रमांकावरून आला होता, हे दाखवल्यावर ‘हाताळणी खर्च’ म्हणून १,५०० रुपये कापून उरलेली रक्कम परत आली. त्या १,५०० रुपयांसाठी आणि पक्के बिल नाकारल्याबद्दल जिल्हा ग्राहक आयोगाकडे अर्ज करण्याची तयारी चालू आहे; ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला तिथे शुल्क लागत नाही आणि दोन वर्षांची मुदत असते.