जुन्या विंडोजवर आयएसओ फाइल: सेव्हन-झिप की विनसीडीइमू?

आयएसओ म्हणजे अख्ख्या सीडी-डीव्हीडीची एकाच फाइलमधली नक्कल, म्हणजेच प्रतिमा. विंडोज ८ पासून आयएसओवर डबल-क्लिक केलं की ती घातलेल्या डिस्कसारखी ड्राइव्ह म्हणून दिसते. एक्सपी आणि विंडोज ७ मध्ये ती सोय नाही. सातमध्ये फार तर डिस्क बर्न करता येते.

आतल्या दोन-चार फाइली हव्या असतील तर सेव्हन-झिप हे फाइली उलगडणारं सॉफ्टवेअर पुरतं. राइट-क्लिक, एक्स्ट्रॅक्ट, काम झालं. ड्रायव्हर टाकावा लागत नाही. पण ७०० एमबीची सीडी पूर्ण उलगडली तर तेवढीच जागा आणखी जाते, आणि ४० जीबीच्या जुन्या हार्ड डिस्कवर ते जाणवतं.

विनसीडीइमू मात्र संगणकाला खरीच सीडी घातल्याचं भासवतं. माय कॉम्प्युटरमध्ये नवं ड्राइव्ह अक्षर येतं, ऑटोरन चालतो. ‘सीडी घाला’ म्हणून अडून बसणारे जुने गेम आणि शब्दकोश यावर बहुधा सुरू होतात. नुसत्या उलगडलेल्या फोल्डरवर अनेकदा नाहीच. शिवाय क्यू, एनआरजी, एमडीएस या इतर प्रकारच्या प्रतिमाही विनसीडीइमू उघडतं. ते टाकायला अ‍ॅडमिन अधिकार लागतात, म्हणून ऑफिसच्या मशीनवर अडचण होते.

माझ्या घरच्या एक्सपीवर मी विनसीडीइमूच ठेवलंय. मुलांच्या लहानपणच्या सीड्यांवर ओरखडे पडण्याआधी त्यांच्या प्रतिमा करून ठेवल्या, त्या आजही चालतात.