फोमचं विमान दुरुस्तीला दिलं आणि ६,८०० रुपयांना बुडालो

मार्च महिन्यातल्या एका रविवारी सकाळी, सोलापुरात तुळजापूर रोडच्या बाजूच्या पडीक रानात माझं रिमोटचं विमान नाकावर आपटलं. चूक पूर्ण माझी. विमान आपल्यापासून लांब जात असतं तोवर डावं ते डावं. ते वळून आपल्याकडं यायला लागलं की डावं-उजवं उलटं होतं, आणि नवशिक्याचा हात नेमका तिथंच चुकतो. माझाही चुकला. (होटगी रोडच्या अंगाला आम्ही फिरकत नाही, तिकडं विमानतळ आहे. ज्या गावानं विमानांसाठी २०२३ मध्ये साखर कारखान्याची चिमणी पाडलेली बघितली, तिथं खेळण्यातलं विमान घेऊन जायचं धाडस कोण करणार?)

विमान म्हणजे ईपीओ फोमचं ट्रेनर, म्हणजे नवशिक्यांसाठीचं, पंख १.४ मीटर. दिसायला थर्माकोल, पण थर्माकोल नव्हे. ईपीओ दाबलं की जरा दबतं आणि परत येतं, थर्माकोल कटकन तुटतं. हा फरक पुढं महत्त्वाचा ठरला. तर नाक चपटं झालं होतं, मोटरचा प्लास्टिक माउंट फोममधून उखडला होता, शेपटीजवळ आडवी चीर गेली होती आणि प्रॉपेलरचं एक पातं कुठं गेलं ते सापडलंच नाही.

आमच्यात सगळ्यात अनुभवी अण्णा. पूर्व भागात यंत्रमागावर जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करणारा, म्हणून आयुष्य काढलेला माणूस. त्यांनी आधी उरलेला प्रॉपेलर काढला, मग बॅटरी जोडली. पी-पी-पी.

"मोटर बोलती की रे," अण्णा म्हणाले. "मग तोंड का पाडून बसलास?"

तो आवाज मोटरच्याच गुंडाळ्यांतून येतो. ईएससी, म्हणजे मोटरचा वेग सांभाळणारं सर्किट, बॅटरी जोडल्यावर मोटरला बारीक झटके देऊन ती पिपाणी वाजवतं. माझ्या ईएससीत बॅटरीला जितके सेल, तितक्या पिपाण्या. तीन वाजल्या याचा अर्थ मोटर, ईएससी, बॅटरी सगळं जिवंत. हे अण्णांनी मला तिथंच धुळीत बसून समजावलं. मी मान डोलावली. आणि तरीही पुढचा मूर्खपणा केला, त्याला कारण मार्च एंड. मी अक्कलकोट रोड एमआयडीसीत एका टॉवेल कारखान्याचे हिशेब बघतो. मार्चमध्ये घरी जेवायला वेळ नसतो, फोम कुठला चिकटवतोय? अण्णांना सांगावं तर त्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन ठरलेलं. मुलगी नववीत, ती रोज विचारायची, "पप्पा, विमान कधी?"

कुणीतरी एका दुरुस्तीवाल्याचं नाव सुचवलं. लग्नाच्या शूटिंगचे ड्रोन दुरुस्त करतो, हात चांगला आहे म्हणे. छोटीशी खोली, भिंतीवर टांगलेले ड्रोनचे सांगाडे, एसी. एसी बघून माझा विश्वास बसला, आता सांगायला लाज कसली.

त्यानं विमान उलटंपालटं केलं. मल्टिमीटर काढला, मोटरच्या तीन वायरींपैकी दोनींना टोकं लावली. पीऽऽ वाजलं. दुसऱ्या जोडीला लावली. पीऽऽ.

"बघा सर, आतून शॉर्ट आहे. तुमच्यासमोरच चेक केलं."

मीटर माझ्यासमोर वाजला होता. यावर मी काय बोलणार? पुढं अण्णांना हे सांगितलं तर ते डोळ्यावरचा हिरवा पडदा हलेपर्यंत हसले. या ब्रशलेस मोटरमध्ये तांब्याच्या गुंडाळ्या असतात, तिन्ही वायरी आतून एकमेकींना जोडलेल्याच असतात. कोणत्याही दोन वायरींना मीटर लावा, चांगली मोटर वाजणारच. वाजली नाही तर समजा गेली. म्हणजे मोटर धडधाकट असल्याचा पुरावा दाखवून त्यानं मला मोटर मेल्याचं पटवलं होतं. फसवणुकीचा राग आहेच, पण या एका युक्तीला मी अजून मनातल्या मनात दाद देतो.

मोटर १,६००, ईएससी १,२००, बॅटरी "आतून दबलीय, घरी पेट घेईल" म्हणून नवी २,२००, दोन सर्वो (पंख-शेपटीच्या झडपा हलवणाऱ्या छोट्या मोटरी) ७००, आणि फोमचं काम व बॅलन्सिंग १,१००. एकूण ६,८००. चार हजार तिथंच यूपीआयनं दिले. बाकीचे नेताना रोख द्या म्हणाला. जुने पार्ट मागितले तर, "ते कंपनीला परत करावे लागतात सर." पावती मागितली नाही. दिवसभर दुसऱ्यांची बिलं तपासणारा माणूस मी.

बारा दिवसांनी विमान मिळालं. दिसायला नव्याहून नवं. नाकापासून शेपटीपर्यंत लाल-निळी टेप, अगदी गड्ड्याच्या जत्रेतल्या पाळण्यासारखं रंगीत. मुलगी खूश. रविवारी रानात मी ते हातानं फेकलं. विमानानं नाक वर केलं, आणखी वर केलं, मी काठी पुढं ढकलतोय तरी वरच. मग क्षणभर हवेत थांबलं आणि पंखावर पडलं. सगळं मिळून दहा सेकंदही नसतील.

या वेळी घरी आणून जमिनीवर पेपर अंथरला आणि टेप सोलायला बसलो.

शेपटीची चीर बुजवायला त्यानं साध्या थर्माकोलचा तुकडा घातला होता आणि तो फेविक्विकच्या जातीच्या गोंदानं चिकटवला होता. असा गोंद ईपीओला चालतो, थर्माकोलला मात्र खातो. टेपच्या आत तुकड्याचा भुगा आणि पोकळी, उंदरानं कुरतडल्यासारखी. ती झाकायला वरून ग्लू गनचा थरच्या थर. नाकातही तेच. मोटरच्या माउंटभोवतीचा ग्लू नखानं उचलला तर दुधावरच्या सायीसारखा अख्खा निघून आला, फोमला धरलेलाच नव्हता.

आणि साय निघाल्यावर खाली चार जांभळे ठिपके दिसले.

मोटरच्या थरथरीनं स्क्रू सैल होतात, म्हणून विमान आणलं त्याच दिवशी मुलीनं तिचं जांभळं नेलपॉलिश चारही स्क्रूंच्या डोक्यांवर एकेक थेंब टाकलं होतं. थेंब तसेच होते. एकालाही तडा नव्हता. म्हणजे मोटर बदलणं राहू द्या, स्क्रूला पाना सुद्धा लागला नव्हता. मग ईएससी बघितला. कनेक्टरवर मी चढवलेली हिरवी नळी तशीच. १,६०० अधिक १,२००, माझेच पार्ट मला विकत.

बॅटरी मात्र खरंच बदललेली होती, आणि सगळा घात तिथं होता. माझी होती २२०० एमएएचची, वजन १८५ ग्रॅम. मुलीनं ती किचनच्या काट्यावर टाकून वहीत लिहून ठेवलं होतं, पोरींना काय काय सुचतं. ही "नवी" भरली १३० ग्रॅम. वरचं निळं वेष्टण एका टोकाला सुटलं होतं, तिथून डोकावलं तर आत दुसरं जुनं वेष्टण आणि त्यावर १३००. आकार मोठा वाटावा म्हणून मध्ये फोमची पट्टी. फोमचं काम तिथंही केलं होतं. (बघायच्या नादात लायपो बॅटरीला ब्लेड लावू नका. सेलला भोक पडलं तर आग लागते. आपटलेली बॅटरी सुद्धा काही वेळानं पेटू शकते, ती घराबाहेर मोकळ्या जागी ठेवतात.)

आता हिशेब बघा. बॅटरी बसते नाकात. तिथून ५५ ग्रॅम गेले. शेपटीत ग्लू आणि टेप भरली. विमानाचा सीजी, म्हणजे ज्या जागी ते समतोल राहतं ती जागा, मागं सरकली. नाक जड असलेलं विमान मठ्ठासारखं उडतं पण उडतं; शेपूट जड असलं की ते हातात राहत नाही. पंखाच्या पुढच्या कडेपासून किती अंतरावर समतोल हवा हे विमानाच्या माहितीपत्रकात दिलेलं असतं. दोन बोटं पंखाखाली त्या जागी धरून विमान उचलायचं, शेपूट खाली जाते का बघायचं. अर्धं मिनिट लागतं. मी केलं नाही, कारण बॅलन्सिंगचे पैसे मी दिले होते!

दुकानात गेलो तर पोरगा म्हणाला, मालक गावाला गेलेत. तीन दिवस गावालाच होते. शेवटी फोनवर सापडले. "तुम्हीच दुसऱ्यांदा पाडलं की वो सर, आता मला काय विचारताय?" बॅटरीचं विचारल्यावर, "ती तुम्ही बदलली नाही कशावरून?" याला माझ्याकडं उत्तर नव्हतं. देताना बॅटरीचा फोटो काढला नव्हता, पावती नव्हती. ओळखीच्या वकिलांनी सांगितलं की जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या तक्रारीला फी लागत नाही, मुदतही दोन वर्षांची आहे, करा तक्रार. पण आयोगापुढं मांडू काय, नेलपॉलिश? चार वेळा दुकानात जाऊन, गिऱ्हाइकं बसलेली असताना बॅटरी टेबलावर ठेवून मोठ्यानं विचारलं, तेव्हा १,५०० परत मिळाले. बाकीचे गेले.

विमान आम्हीच दुरुस्त केलं, अण्णांच्या डोळ्याची पट्टी निघाल्यावर. चपटं नाक उकळत्या पाण्याच्या वाफेवर धरलं तर फोम पोळीसारखा फुगून बराचसा मूळ आकाराला आला. मला वाटलं होतं ती थाप आहे. शेपटीच्या चिरेत बांबूच्या दोन काड्या आडव्या खुपसून पाच मिनिटांत घट्ट होणारं इपॉक्सी, म्हणजे दोन नळ्यांतलं मिसळून लावायचा गोंद, भरलं. मोटरच्या माउंटलाही इपॉक्सीच, कारण सोलापूरच्या उन्हात बंद गाडीत ठेवलेल्या ग्लू गनच्या जोडाचा भरवसा नाही, हे अण्णांचं मत. एका सर्वोचा दात तुटलेला होता, तोही दुरुस्तीवाल्यानं बदलला नव्हता. तो मात्र नवा घेतला. प्रॉपेलर, सर्वो, इपॉक्सी मिळून चारशेच्या आत भागलं. बॅटरी वेगळी घ्यावी लागली.

नवी बॅटरी आली त्या संध्याकाळी मुलीनं तिच्यावर जांभळा ठिपका दिला. मग सर्वोंवर, रिसीव्हरवर, ईएससीवर. वहीत प्रत्येकाचं वजन. शेवटी रिमोटवर द्यायला गेली तेव्हा बाटली संपली होती, आणि दुसरी आणायची जबाबदारी आईनं माझ्यावर टाकली आहे.