मामांचे कागद आणि लक्ष्मीपुरीतला बाइंडर

जुने कागद लॅमिनेट करू नका, हे आधी सांगते आणि मग दुकानाकडे वळते.

२०२१ च्या जुलैत पंचगंगेचं पाणी शाहूपुरीत आमच्या गल्लीत शिरलं, तेव्हा तळमजल्यावरची लोखंडी ट्रंक खालून भिजली. ट्रंकेत माझ्या सासऱ्यांचे, म्हणजे मामांचे, कागद होते. बाप्तिस्म्याचा दाखला, दृढीकरणाचं (बाप्तिस्मा झालेल्याने पुढे बिशपच्या हातून विश्वास पक्का करून घेण्याच्या विधीचं) कार्ड, लग्नाचा दाखला, मुलांचे दाखले आणि सासूबाईंचं मराठी प्रार्थनापुस्तक. पंख्याखाली वाळवून एका झेरॉक्सवाल्याकडे नेले, तर तो म्हणाला, "लॅमिनेट करून टाका ताई, शंभर वर्षं बघायला नको." नमुना म्हणून त्याने जुनं रेशनकार्ड करून दिलं. वर्षभरात आत बुडबुडे आले, कडा तपकिरी झाल्या, आणि आता ते प्लॅस्टिक काढायला जावं तर कागदच हाताला येतो. रेशनकार्डावर निभावलं हे नशीब.

मग शाळेतल्या एका जुन्या सहकाऱ्यांनी या बाइंडरचं नाव सांगितलं. लक्ष्मीपुरीत धान्य बाजाराच्या मागच्या बोळात दुकान आहे. पाटी नाही. खाली पोत्यांची थप्पी दिसली की तिथला लाकडी जिना चढायचा. दुकान कसलं, दहा बाय बाराची खोली: एक कटिंग मशीन, एक दाबयंत्र, कोर्टाच्या आणि बँकांच्या जुन्या वह्यांचे गठ्ठे, आणि खळीचा वास. काका सत्तरीचे असतील. सोबत भाचा, कानात कायम इअरफोन.

काकांवर माझा विश्वास बसला तो एका कृतीने. कागद हातात घेतल्यावर त्यांनी भाव सांगितला नाही. कापसाचा बोळा पाण्यात बुडवून पिळला आणि दाखल्याच्या एका अक्षराच्या शेपटीला हलकेच टेकवला. बोळ्यावर निळसर डाग आला. "ही शाई सुटती. ह्याला पाणी न्हाई लावायचं," असं म्हणून तो कागद वेगळा ठेवला. रबरी शिक्क्याची जांभळी शाई तर पुरातच फुटली होती. बॉलपेनने लिहिलेल्याला काही होत नव्हतं. असे त्यांनी सगळे कागद तपासले आणि तीन ढीग केले. खळ मैद्याची, घरात शिजवलेली. कीड लागू नये म्हणून पूर्वी खळीत मोरचूद टाकायचे. त्यांचे वडीलही टाकत. काका नव्या वह्यांना टाकतात, जुन्या कागदांना नाही, कारण "मोरचुदानं कागद करपतो". मी पस्तीस वर्षं शाळेत शिकवलं, पण वापरण्याआधी पदार्थ तपासून बघणारी माणसं मला शाळेपेक्षा अशा खोल्यांतच जास्त भेटली.

आता खरी गंमत. सगळे कागद एका पुठ्ठाबांधणीत घालायचे आणि पाठीवर सोनेरी अक्षरांत चर्चचं नाव टाकायचं, असं ठरलं होतं. काकांनी विचारलं, "कुठलं चर्च म्हणून लिवू?" मी म्हटलं, कागदांवर बघून लिहा. दोन दिवसांनी फोन: "बाई, हितं प्रत्येक कागदावर येगळंच नाव हाय. एक कायतरी ठरवा."

त्यांचंही खरंच होतं. पहिला कागद १९२६ चा. मामा नगर जिल्ह्यातल्या खेड्यातले, वडील मिशनच्या शाळेत मास्तर. बाप्तिस्म्याच्या दाखल्याच्या डोक्यावर इंग्रजीत मुंबईच्या डायोसिसचं, म्हणजे धर्मप्रांताचं, एका बिशपच्या हद्दीचं नाव. नगरच्या खेड्यातल्या पोराचा दाखला मुंबईच्या नावाने का, असं भाच्याने विचारलं. इअरफोन काढून विचारलं, म्हणून मीही नीट सांगितलं. हिंदुस्थानात अँग्लिकन, म्हणजे इंग्लंडच्या चर्चच्या वळणाच्या, चर्चचा पहिला धर्मप्रांत कलकत्त्याचा, १८१४ चा. कंपनीचा सगळा मुलूख एका बिशपच्या अंगावर, आणि मध्यंतरी काही वर्षं ऑस्ट्रेलियासुद्धा! घोडागाडी आणि गलबतं यांच्या काळात हा कारभार कसा रेटला असेल देव जाणे. १८३५ ला मद्रास वेगळं काढलं, १८३७ ला मुंबई. मुंबईचे पहिले बिशप टॉमस कार. बिशपची खुर्ची ज्या चर्चमध्ये ते कॅथीड्रल, आणि तो मान फोर्टातल्या सेंट थॉमसला मिळाला. आपण ज्या चर्चगेटला उतरतो त्या नावातलं चर्च तेच. किल्ल्याचा त्या बाजूचा दरवाजा म्हणून चर्चगेट.

दुसरा कागद १९४० चा, मामांच्या दृढीकरणाचं कार्ड. गाव तेच, मंडळी (चर्चचा स्थानिक समुदाय) तीच, पण डोक्यावर नासिकचा धर्मप्रांत. १९२९ साली मुंबईतून नासिक वेगळं झालं. खाली सही: आधी छोटा क्रूस, मग फिलिप, मग नासिक. काकांनी ते आडनाव समजून अनुक्रमणिकेत "श्री. फिलिप नासिक" असं सुबक अक्षरात लिहूनही टाकलं होतं! हे फिलिप लॉइड, नासिकचे पहिले बिशप. १९४४ पर्यंत इथे होते, पुढे इंग्लंडात सेंट ऑल्बन्सचे बिशप झाले. अँग्लिकन बिशप सही करताना आडनाव टाकत नाहीत, आपल्या धर्मप्रांताचं नाव टाकतात. काका म्हणाले, "म्हंजे बदली झाली की आडनाव बदललं." झालंच की. अनुक्रमणिकेचं पान त्यांनी पुन्हा लिहून दिलं, त्याचे पैसे घेतले नाहीत.

त्याच कार्डावर बारीक टायपात चर्च ऑफ इंडिया, बर्मा अँड सिलोन असं आहे. १९२६ च्या दाखल्यावर ते नाही. मधल्या काळात मोठी गोष्ट घडली होती. तोवर इथले बिशप इंग्लंडच्या राजाच्या नेमणुकीने यायचे आणि इथलं चर्च इंग्लंडच्या चर्चचाच भाग मानलं जायचं. १९२७ ला ब्रिटिश पार्लमेंटने कायदा केला आणि १ मार्च १९३० पासून इथलं चर्च स्वतंत्र झालं. आपले बिशप आपण निवडायचे, आपले नियम आपल्या सभेत करायचे. देशाच्या सतरा वर्षं आधी. आमच्याकडच्या कितीतरी लोकांना हे ठाऊक नसतं आणि चर्चचं स्वातंत्र्यही १९४७ ला आलं असं ते समजून चालतात.

तिसरा कागद लग्नाचा, १९५२ चा. इथे मात्र भाचा एकदम सावध झाला. "बाई, शिक्क्यात पाकिस्तान हाय. काय लफडं न्हाई न्हवं?" फाळणीनंतर चर्चने नावात पाकिस्तान घातलं: चर्च ऑफ इंडिया, पाकिस्तान, बर्मा अँड सिलोन. सरहद्द आखली गेली तरी लाहोरचा धर्मप्रांत आणि मुंबईचा धर्मप्रांत एकाच चर्चमध्ये राहिले, ते १९७० पर्यंत. दरम्यान दोन युद्धं होऊन गेली. या कागदाचा रंग उडाला होता, पण रकाने शाबूत होते: वय, धंदा, वडिलांचं नाव, साक्षीदार. हे रकाने १८७२ च्या ख्रिस्ती विवाह कायद्याचे. याच कायद्याप्रमाणे लग्न सकाळी सहा ते संध्याकाळी सात यांच्यामध्येच लावायचं. आमच्याकडे गोरज मुहूर्त नाही, पण सातचा काटा असतो. माझ्या लग्नात व्हराडाची एसटी उशिरा आली तेव्हा पाळकसाहेब घड्याळाकडे बघत दारात उभे होते.

चौथा कागद माझ्या मिस्टरांचा, १९७४ चा. त्यावर चर्च ऑफ नॉर्थ इंडिया आणि कोल्हापूरचा धर्मप्रांत. मामा नोकरीनिमित्त कोल्हापुरात आले आणि जवळच्या मंडळीत जायला लागले, ती होती प्रेस्बिटेरियन वळणाची. कोल्हापुरात अमेरिकन मिशनरी रॉयल वाइल्डर १८५२ ला आले, त्यांची ही परंपरा. तिथे बिशप नव्हताच. पाळक आणि मंडळीने निवडलेले वडीलधारे मिळून सभेत ठरवणार. नगरला मामा वेदीपुढे गुडघे टेकून एकाच प्याल्यातून प्रभुभोजन घेत. इथे जागेवर बसायचं आणि ट्रेमधून चिमुकले पेले यायचे. सासूबाई सांगायच्या, पहिले काही महिने मामा बाकावर बसल्या बसल्याच गुडघे वाकवायचे आणि शेजारच्यांना वाटायचं यांचे पाय दुखतात.

मग २९ नोव्हेंबर १९७० ला नागपूरला सहा चर्चेस एकत्र आली. एक अँग्लिकन, दुसरं प्रेस्बिटेरियन आणि काँग्रिगेशनल या दोघांचं आधीच एक झालेलं चर्च, मग बॅप्टिस्ट, ब्रेदरन, ब्रिटिश वळणाचे मेथडिस्ट आणि डिसायपल्स. बिशप ठेवायचा, पण त्याने कौन्सिलला विचारून चालायचं. बाळाचा बाप्तिस्मा मान्य आणि मोठेपणी समजून घेतलेलाही मान्य. म्हणजे भांडणाचे मुद्दे मिटवले नाहीत, दोन्ही बाजू एका छपराखाली घेतल्या. मला हा तोडगा शहाणपणाचा वाटतो, जरी त्याने कमिट्यांच्या बैठका लांबल्या तरी. मामांना बिशप परत मिळाला, आणि त्या मंडळीला पहिल्यांदाच.

एवढं ऐकून काका म्हणाले, "आठ इंचाच्या पाठीवर ह्यातलं कायबी मावणार न्हाई." शेवटी पाठीवर "मामांचे कागद" आणि खाली १९२६–१९७४ एवढंच टाकलं. सोनेरी ठशात शेवटचा ४ किंचित तिरका बसलाय. दाखवला तर म्हणाले, "हातकाम हाय बाई." हे उत्तर मला पटलं नाही. हातकाम आहे म्हणूनच सरळ हवं.

बांधणी मात्र अव्वल. कागद एकमेकांना चिकटवलेले नाहीत. प्रत्येक कागद हातकागदाच्या पट्टीला फक्त एका कडेने टेकवलाय आणि शिवण त्या पट्ट्यांतून घेतलीय. त्यामुळे मागची बाजू वाचता येते. दृढीकरणाच्या कार्डाच्या मागे मामांनी पेन्सिलीने बिशपच्या प्रवचनाचे मुद्दे टिपलेत, ते मला पहिल्यांदा नीट दिसले. उद्या एखादा दाखला कचेरीत दाखवायला हवा झाला तर पट्टी ओलसर करून सोडवता येतो. फाटक्या घड्यांवर इतका पातळ कागद लावलाय की उजेडात धरल्याशिवाय कळत नाही. घरातल्या कुणीतरी पूर्वी लावलेल्या सेलोटेपचा पिवळा डाग मात्र गेला नाही. काकांनी तो जाणार नाही हे आधीच सांगितलं होतं.

खरी तक्रार प्रार्थनापुस्तकाची. सासूबाईंनी त्यात समासात बारीक नोंदी केल्या होत्या, आणि राजासाठीच्या प्रार्थनेवर पेन्सिलीने एक रेघ मारून वर "आता राष्ट्रपती" असं लिहिलं होतं. कडा कापू नका, असं मी तीनदा बजावलं. तरी भाच्याने सवयीने वरची कड मशीनवर घेतली आणि "राष्ट्रपती"ची वरची अर्धी वेलांटी उडाली. काका त्याच्यावर ओरडले, मजुरीतले दोनशे कमी केले, पण वेलांटी गेली ती गेली. पुस्तक द्याल तर भाच्याच्या हातात देऊ नका, काकांच्याच हातात द्या, आणि पहिल्या पानावर चिठ्ठी लावा: कटिंग नाही.

वेळेचं म्हणाल तर गणपतीनंतर देतो म्हणाले, मिळालं दिवाळीनंतर. फोन उचलतील याची खात्री धरू नका. एकूण बिल अठराशे झालं, त्यात नऊ कागद आणि एक पुस्तक. कापडी पाठ हवी तर कापडाचे वेगळे पैसे. पुण्या-मुंबईत अशा कामाचे किती घेतात ते ज्यांनी करून घेतलंय त्यांना विचारा, मला हे स्वस्त वाटलं.

आमच्या ख्रिस्ती वाचकांसाठी एक वेगळी सूचना. बाइंडरकडे जाण्याआधी दाखल्यावरचा नोंदवही क्रमांक आणि वर्ष टिपून घ्या. कागद बिघडलाच तर नवी प्रत त्या नोंदीवरून मिळते. आधी मंडळीच्या पाळकांना भेटा. वह्या साधारण पास्टरेटकडे, म्हणजे त्या पाळकांच्या हद्दीच्या कचेरीत, असतात. तिथे नसतील तर डायोसिसच्या ऑफिसात अर्ज द्या. सिनॉडला, म्हणजे चर्चच्या सर्वोच्च सभेला, दिल्लीला लिहू नका, तिथे तीन वर्षांनी भरणाऱ्या सभेचा आणि तिच्या प्रमुखाचा, मॉडरेटरचा, कारभार चालतो, तुमच्या आजोबांचा बाप्तिस्मा नाही. अर्ज करताना गाव आज ज्या धर्मप्रांतात आहे त्याचं नाव घाला, पण दाखल्यावर जे जुनं नाव छापलंय तेही लिहा. मामांच्या गावचा माणूस १९२६ चा दाखला शोधायला मुंबईला गेला तर त्याला तिथून नासिकला पाठवतील, हे मी स्वतः विचारून आलेय. इंग्रजांच्या काळातल्या बऱ्याच नोंदींच्या, मुख्यतः युरोपियन आणि अँग्लो-इंडियन लोकांच्या, नकला मुंबईहून लंडनला जात असत आणि त्या तिथल्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत, पण तो शेवटचा उपाय.

दुकानात सकाळी जाऊ नका, काका अकरापर्यंत कागदवाल्यांकडे असतात. दुपारी तीननंतर निवांत भेटतात. गाडी धान्य बाजारात लावू नका, हमाल शिव्या देतात आणि बरोबर देतात.